तो छोटा कसा सुरू होतो?

"म्हणजे माझं लिहिलेलं गेलं का?"

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. आईच्या लॅपटॉपच्या पडद्यावर लाल पट्टी होती आणि तिच्यात इंग्रजीत लिहिलं होतं, की डिस्कवर ग्रब हा बूटलोडर, म्हणजे लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्राम, बसवता आलेला नाही, ही 'फेटल' चूक आहे. बाकीचं वाक्य आईने सोडून दिलं असावं, पण तो एक शब्द तिने बरोबर वेचला. "नाही गं, तसं काही नाही," मी म्हणाले. तिने मान हलवली आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. माझ्या आवाजात खात्री नाही, हे तिला कळलं होतं.

आई गेली चार वर्षं तिच्या आठवणी लिहिते आहे. एका प्रसंगाची एक फाइल. प्रत्येकीचं नाव तेच, 'आठवणी', पुढे एक आडवी रेघ आणि आकडा. आकड्यापुरता ती कीबोर्ड इंग्रजीवर नेते, कारण तेवढं तिला सोपं पडतं. तिचा लॅपटॉप सात वर्षांचा. आतली हार्ड डिस्क फिरती, जुन्या पद्धतीची. ती सुरू व्हायला चार-चार मिनिटं घेऊ लागली होती, आणि गेल्या महिन्यापासून मधूनच टक्-टक् असा आवाज यायला लागला. तो आवाज ऐकल्यावर थांबायचं नसतं. सकाळीच मी तिच्या सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर घेतली होती. प्रत झाली असं पडद्यावर आलं, मी ड्राइव्ह काढून ठेवला, पण त्यातली एकही फाइल उघडून पाहिली नाही. रात्री साडेअकराला मला नेमकं तेच आठवत होतं.

जुन्या डिस्कऐवजी नवी एसएसडी, म्हणजे चिपांवर साठवणारी डिस्क, बसवण्याचं काम मात्र सुरेख झालं होतं. लॅपटॉपच्या पोटात एम.टू जातीची एक रिकामी खाच होती. एसएसडी म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब अशी एक पातळ पट्टी, च्युइंगमच्या चपट्या कांडीएवढी. ती खाचेत तिरकी घालायची, टोकाचे सोनेरी दात आत बसले की ती आपणहून थोडी वर उचललेली राहते. मग बोटाने हळूच खाली दाबायची आणि दुसऱ्या टोकाला एकच बारीक स्क्रू. एवढ्यावर काम संपतं. फिरणारं काही नाही, आवाज नाही. जुनी डिस्क तिच्या जागी तशीच ठेवली होती. नवी चालू झाली की फाइली तिकडे न्यायच्या, असा बेत होता.

पार्टिशन, म्हणजे डिस्कचे कप्पे, मी आधीच करून ठेवली होती. कप्प्यांची नोंद ठेवणारा नव्या पद्धतीचा जीपीटी तक्ता, सुरुवातीला बूटलोडरसाठी ५१२ एमबीचं ईएफआय सिस्टीम पार्टिशन, उरलेली सगळी जागा लिनक्सला. पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉलर चालवला. भाषा, वेळ, आईच्या नावाचं खातं, सगळं शांतपणे पार पडलं. हजारो फाइली नव्या डिस्कवर उतरल्या. शेवटची पायरी बूटलोडरची, आणि तिथे ही लाल पट्टी.

मी आईला म्हटलं, घर बांधून झालंय, सामान आत लागलंय, फक्त पत्ता कुठे लिहिला गेलेला नाही. ती म्हणाली, "कुणाला सांगायचा पत्ता?"

या प्रश्नाचं उत्तर त्या रात्री मी तिला तुकड्यातुकड्यांनी दिलं, आणि देता देता माझंही बरंच नीट झालं. बूटलोडर बसत नाही, तेव्हा घोडं नेमकं कुठे पेंड खातंय हे शोधायला एकच वाट मला ठाऊक आहे. कोण कोणाला पत्ता सांगणार होतं, ते पायरीपायरीने विचारायचं.

बटण दाबलं की प्रोसेसरला एकच पत्ता पाठ असतो. तिथे फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्ये यंत्राबरोबरच आलेला प्रोग्राम, सापडतं. फर्मवेअरला मेमरी, कीबोर्ड, डिस्क जागी करता येते, पण लिनक्स म्हणजे काय हे त्याला माहीत नसतं. त्याने बूटलोडर शोधायचा. बूटलोडरने कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, शोधायचा. कर्नलने मूळ फाइलसिस्टीम, म्हणजे डिस्कवरची फाइलींची मांडणी, शोधायची. प्रत्येकाला फक्त पुढच्याचा पत्ता ठाऊक, त्याच्या पलीकडचं काही नाही. अगदी सुरुवातीच्या संगणकांवर हा पहिला पत्ता माणूसच सांगायचा. १९६५ साली आलेल्या पीडीपी-८ वर पुढच्या पाटीवरचे खटके वरखाली करून सुरुवातीच्या मोजक्या सूचना हाताने मेमरीत भराव्या लागत. बुटाच्या मागच्या पट्टीला धरून स्वतःला उचलायचं, अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्प्रचारावरून 'बूट' हा शब्द आला. जो प्रोग्राम इतर प्रोग्राम आत आणतो, त्याला स्वतःला आत कोण आणणार, हा त्यातला पेच. तो पेच आजही आहे. आता ते खटके आपल्याला दिसत नाहीत, एवढंच.

लाल पट्टी फार काही सांगत नव्हती. 'झालं नाही' एवढंच तिचं म्हणणं. खरं कारण इन्स्टॉलरच्या दुसऱ्या पडद्यावर, लॉगमध्ये म्हणजे कामाच्या नोंदवहीत असतं, आणि तिथे जायचा कंटाळा कधीही करू नये असं माझं ठाम मत आहे. लॉगमध्ये शेवटून चौथ्या-पाचव्या ओळीत लिहिलं होतं, की या जीपीटी डिस्कवर बायोस बूट पार्टिशन नाही, त्यामुळे ग्रब आत बसवता येणार नाही.

बायोस बूट पार्टिशन? मी तर ईएफआयचं केलं होतं. तो बायोसचं का मागतोय?

हे समजायला थोडं मागे जावं लागतं. बायोस म्हणजे जुन्या पद्धतीचं फर्मवेअर, आणि त्याला फाइल ही गोष्टच कळत नसे. तो डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे पहिले ५१२ बाइट, उचलून मेमरीत ठेवायचा, शेवटच्या दोन बाइटांची खूण बरोबर आहे का ते बघायचा, आणि तिथे उडी मारायचा. या ५१२ मधले ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्याला जातात, २ बाइट खुणेला. उरतात ४४६. ही मांडणी १९८३ ची, पीसी डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आलेली. ४४६ बाइट म्हणजे किती, हे आईला कसं सांगावं याचा मी विचार केला. देवनागरीचं एक चिन्ह आजच्या युनिकोड फाइलीत ३ बाइट घेतं. म्हणजे ४४६ बाइटांत जेमतेम दीडशे चिन्हं बसतात, काने-मात्रे, वेलांट्याही वेगळ्या मोजून. "माझं एक वाक्यसुद्धा बसणार नाही," आई म्हणाली. ती लांब वाक्यं लिहिते.

एवढ्याशा जागेत पूर्ण बूटलोडर मावत नाही. म्हणून ग्रबने युक्ती केली. पहिल्या सेक्टरात फक्त एक छोटा तुकडा ठेवायचा, आणि मोठा तुकडा त्याच्या मागच्या मोकळ्या पट्टीत. जुन्या डिस्कांवर पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू व्हायचं, त्यामुळे मधले ६२ सेक्टर, सुमारे ३१ केबी, कुणाच्याच नावावर नसायचे. ग्रब तिथे जाऊन बसायचं. परवानगी कुणाची नव्हती, पण कुणाची हरकतही नव्हती. जीपीटीने ही गोष्ट बदलली. जीपीटीत त्याच जागेवर त्याचा स्वतःचा तक्ता असतो, १२८ नोंदी, प्रत्येकी १२८ बाइटांच्या. जिथे ग्रब राहायचं, तिथे आता दुसऱ्याचं बिऱ्हाड. म्हणून जीपीटी डिस्क जुन्या बायोस पद्धतीने सुरू करायची असेल, तर ग्रबसाठी साधारण १ एमबीचं वेगळं पार्टिशन राखून ठेवावं लागतं. त्याला म्हणायचं बायोस बूट पार्टिशन. त्या पार्टिशनच्या जातीची ओळख म्हणून जो लांबलचक क्रमांक ठरवलाय, त्याचे बाइट डिस्कवर असतात त्या क्रमाने अक्षरं म्हणून वाचले, तर इंग्रजीत वाक्य निघतं: 'हा! मला ईएफआयची गरज नाही.' ज्यांनी तो ठरवला, त्यांनी ते मुद्दाम लिहून ठेवलंय. मला ते वाचून दरवेळी बरं वाटतं. सोळा बाइटांच्या कोरड्या आकड्यातही कुणाचा तरी हात दिसतो.

आता प्रश्न असा, की इन्स्टॉलर जुन्या पद्धतीने का वागत होता. याचं उत्तर एका फोल्डरात मिळतं. चालू लिनक्समध्ये /सिस/फर्मवेअर/ईएफआय हा फोल्डर असेल, तर यंत्र यूईएफआय या फर्मवेअरच्या नव्या पद्धतीने सुरू झालंय. नसेल, तर जुन्या. मी पाहिलं. नव्हता.

मग लक्षात आलं. हा लॅपटॉप दोन्ही पद्धती जाणतो, आणि सात वर्षांपूर्वी मीच त्यावर जुन्या पद्धतीने लिनक्स टाकलं होतं. त्यामुळे बूट मेनूमध्ये पेन ड्राइव्ह दोनदा दिसत होता. एकदा नुसतं नाव, एकदा तेच नाव पण आधी 'यूईएफआय' लिहिलेलं. मी पहिलं दिसलं ते निवडलं होतं. त्या एका एंटरने पुढचं सगळं ठरून गेलं. इन्स्टॉलरच्या पहिल्या पडद्यावर, मेनूच्या वर, तो कुठल्या पद्धतीने सुरू झालाय ते लिहिलेलंही होतं. तो पडदा मी इतक्यांदा पाहिला आहे, की आता वाचत नाही.

१ एमबीचं ते पार्टिशन करून पुढे जाता आलं असतं का? कदाचित. पण एनव्हीएमई या नव्या जातीच्या, म्हणजे आमच्यासारख्या, एसएसडीवरून जुन्या पद्धतीने सुरू होणं अनेक लॅपटॉपांच्या फर्मवेअरला जमतच नाही. त्या वाटेने जाऊन पहाटे दुसऱ्या भिंतीवर आदळण्यात अर्थ नव्हता.

यूईएफआयचा विचारच वेगळा आहे. इंटेलने नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस इटॅनियम प्रोसेसरसाठी ईएफआय आखायला घेतलं. २००५ पासून ते यूईएफआय फोरम या समूहाकडे आहे. या पद्धतीत फर्मवेअरला फाइली कळतात, निदान साध्या फॅट फाइलसिस्टीमवरच्या तरी. डिस्कवर एक फॅट पार्टिशन असतं, त्यात फोल्डर, आणि फोल्डरात बूटलोडर ही साधी फाइल. मदरबोर्डवरच्या एनव्हीरॅममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, नोंदी असतात: अमुक पार्टिशन, अमुक फोल्डर, अमुक फाइल. आधी बूटलोडर जागेवरून ओळखला जायचा, आता नावावरून.

इथे मी थोडी थांबले, कारण एसएसडी डोळ्यांसमोर होती. फिरत्या डिस्कवर 'पहिला सेक्टर' ही खरीखुरी जागा होती, तबकडीच्या कडेला कुठेतरी. बोट ठेवता आलं नसतं, पण ती जागा होती. एसएसडीत तसं काहीच नाही. तिचा स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो, स्वतःचं फर्मवेअर असतं, आणि एक भलामोठा नकाशा. 'सेक्टर शून्य' मागितला, की ती नकाशात बघते आणि तो मजकूर सध्या ज्या चिपच्या ज्या पानावर असेल तिथून आणून देते. पुन्हा लिहिला, तर तो दुसऱ्याच पानावर जातो, कारण फ्लॅश मेमरीत लिहिलेल्या पानावर परत तसंच लिहिता येत नाही, आधी मोठा ठोकळाच पुसावा लागतो. म्हणजे पहिला सेक्टर रोज घर बदलू शकतो, आणि आपल्याला कळतही नाही. तो क्रमांक म्हणजे एसएसडीने दिलेला शब्द आहे, आणि तो ती पाळते. आणि गंमत बघा, लॅपटॉप सुरू होण्याआधी ही पट्टी स्वतःच सुरू होत असते, स्वतःचा प्रोग्राम शोधते, स्वतःचा नकाशा वर आणते. आईला हे फार आवडलं. "म्हणजे त्याच्या आत अजून एक आहे," ती म्हणाली.

पेन ड्राइव्ह पुन्हा लावला. या वेळी 'यूईएफआय' लिहिलेली ओळ निवडली, तो फोल्डर आहे याची आधी खात्री केली. सगळं परत इन्स्टॉल करायची गरज नव्हती. फाइली तर नव्या डिस्कवर होत्याच, फक्त शेवटची पायरी राहिली होती. नवी डिस्क माउंट केली, म्हणजे वाचण्या-लिहिण्यासाठी जोडून घेतली, तिच्यात ईएफआय पार्टिशन /बूट/ईएफआय वर जोडलं, मग चालू यंत्राचे डेव्ह, प्रॉक आणि सिस हे तीन फोल्डर त्यात आणून बांधले, आणि चरूट करून आत शिरले. चरूट म्हणजे बाहेरून सुरू झालेल्या यंत्रात बसून, आतल्या, अजून न सुरू झालेल्या सिस्टीमला आपणच मूळ सिस्टीम आहोत असं वाटायला लावणं. ग्रबची जुन्या पद्धतीची आवृत्ती बसली होती, ती काढून ईएफआयची घातली. ग्रब-इन्स्टॉल चालवलं.

ईएफआय व्हेरिएबल, म्हणजे एनव्हीरॅममधल्या त्या नोंदी, या यंत्रावर चालत नाहीत, असं ग्रब-इन्स्टॉल म्हणालं.

अरे, पण फोल्डर तर आहे! इथे माझी पंधरा-वीस मिनिटं गेली. सिस फोल्डर बांधताना मी साधं बांधलं होतं. साध्या बांधणीत वरचा फोल्डर येतो, पण त्याच्या आत वेगळं माउंट केलेलं काही असेल, तर ते मागेच राहतं. एनव्हीरॅमच्या नोंदी जिथे दिसतात, तो भाग असाच आत वेगळा माउंट केलेला असतो. फोल्डर आला, पण रिकामा. तो आतल्यासकट बांधून घेतला, कमांड परत दिली. इन्स्टॉलेशन पूर्ण, कोणतीही चूक आढळली नाही. बूटच्या नोंदींची यादी काढून पाहिली. आपली नोंद सगळ्यात वर होती. जीव भांड्यात पडला. पेन ड्राइव्ह काढला, फर्मवेअरमध्ये जाऊन जुनी पद्धत बंद केली, आता फक्त यूईएफआय.

काळा पडदा. सुरू करण्याजोगं कोणतंही उपकरण सापडलं नाही.

आई काही बोलली नाही. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी माणसाला पहिल्यापासून सगळं पुसून टाकावंसं वाटतं. मला तो मोह नीट ओळखीचा आहे, आणि त्याला बळी पडून मी पूर्वी चालू होऊ शकणाऱ्या दोन सिस्टीम घालवल्या आहेत. चूक माहीत नसताना सगळं पुन्हा केलं, तर चूकही पुन्हा होते. म्हणून परत पेन ड्राइव्ह, परत नोंदींची यादी. आपली नोंद गायब. लिहिली होती, दिसली होती, आणि एका रीस्टार्टमध्ये फर्मवेअरने ती पुसून टाकली होती. पुन्हा लिहिली, पुन्हा रीस्टार्ट, पुन्हा पुसली.

मी हात टेकले नव्हते, पण जवळपास तसंच. आईला म्हटलं, "डिस्क ठीक आहे. बूटलोडर तिथे आहे. मी पत्ता लिहून देते आणि हा तो फेकून देतो."

ती पेन ड्राइव्हकडे बघत होती. "मग तो छोटा कसा सुरू होतो?"

"कोण?"

"हा. याचा पत्ता कोणी लिहून दिलाय? तू तर हा याला आजच पहिल्यांदा लावलास."

मी तिच्याकडे बघतच राहिले. बरोबर होतं. पेन ड्राइव्हची एनव्हीरॅममध्ये कुठलीच नोंद नव्हती, असणारही नव्हती. तो आज या यंत्रात, उद्या दुसऱ्या. अशा फिरत्या उपकरणांसाठी यूईएफआयने एक ठरलेली जागा नेमून दिली आहे. नोंद नसेल तर फर्मवेअरने ईएफआय नावाच्या फोल्डरात जायचं, त्यात बूट नावाचा फोल्डर, त्यात बूटएक्स६४ या नावाची ईएफआय फाइल, आणि ती चालवायची. इंटेल-एएमडी जातीच्या ६४-बिट यूईएफआय यंत्रांना हा पत्ता आधीपासून पाठ असतो. पेन ड्राइव्ह उघडून पाहिला. तिथे तीच फाइल, त्याच नावाने. नव्या एसएसडीवर ग्रब होतं, पण स्वतःच्या नावाच्या फोल्डरात. ठरलेल्या जागी काहीच नव्हतं.

काही फर्मवेअर अशीच असतात, बाहेरून लिहिलेली नोंद टिकू देत नाहीत, पण ठरलेल्या जागी बघायला मात्र विसरत नाहीत. ग्रब-इन्स्टॉलला यासाठी एक पर्याय आहे, 'रिमूव्हेबल' नावाचा. तो दिला की ग्रब आपली फाइल त्या ठरलेल्या नावानेच ठेवतं, जणू ही एसएसडी म्हणजे एक पेन ड्राइव्हच. मला हा पर्याय माहीत होता. कमांडच्या माहितीत तो मी अनेकदा पाहिलाय. पण 'काढता-घालता येणारं' या शब्दामुळे तो आत स्क्रूने बसवलेल्या डिस्कसाठी नाही, असं मनात पक्कं बसलं होतं. आईच्या मनात तसं काही बसलेलं नव्हतं.

पर्याय दिला. रीस्टार्ट. या वेळी काळ्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात शब्द आला, ग्रब, पुढे एक कोनी कंस, आणि लुकलुकणारा कर्सर.

मेनू नव्हता. इन्स्टॉलर बूटलोडरपाशीच अडल्यामुळे त्याने मेनूची फाइल लिहिलीच नव्हती, आणि मीही ती तयार करायची विसरले होते. लोक हा पडदा पाहून घाबरतात. मला मात्र हायसं वाटलं. ग्रब जागं झालं होतं. आता त्याला तोंडी सांगायचं, पीडीपी-८ च्या खटक्यांसारखं.

आणि तेवढ्यात मला सुचलं, की ग्रबला फाइलसिस्टीम वाचता येतात. अजून लिनक्स सुरू नाही, कर्नल नाही, काही नाही, तरीही. मी यादीची कमांड दिली. दोन डिस्का दिसल्या. नवीची पार्टिशन दिसत होती, जुनीची नाही, नुसतं तिचं नाव. जुन्या पद्धतीचा पार्टिशन तक्ता वाचायचं मॉड्यूल, म्हणजे ग्रबचा जोडतुकडा, अजून आत आलेलं नव्हतं. ते मागवलं, परत यादी काढली. आता जुन्या डिस्कचंही पार्टिशन दिसलं. तिच्या होममध्ये, आईच्या खात्यात, तिच्या लिखाणाच्या फोल्डरात.

पडदा भरला. देवनागरी अक्षरं या पडद्याला येत नव्हती, प्रत्येक नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची एक तुकडी, मग आडवी रेघ, मग इंग्रजी आकडा. प्रश्नचिन्हं, रेघ, १४. प्रश्नचिन्हं, रेघ, ३. प्रश्नचिन्हं, रेघ, २१. क्रम विस्कटलेला, कारण ग्रब नावं लावून दाखवत नाही, फाइलसिस्टीममध्ये सापडतील तशी दाखवतं.

"या तुझ्या फाइली," मी म्हणाले.

आई पुढे झुकली. चष्मा सारखा केला. मग तिने पडद्यापासून बोटभर अंतरावर तर्जनी धरली आणि आकडे शोधू लागली. एक. दोन... दोन इथे खाली आहे. तीन. मी मध्ये बोलले नाही. नऊ सापडायला वेळ लागला, ते उजव्या टोकाला होतं. सतरापाशी ती थांबली. सतरावी कशाची आहे ते मला माहीत आहे, ती बाबांची आहे. मग पुढे गेली. सत्तावीसला तिने बोट पडद्याला टेकवलं.

"सगळ्या आहेत."

प्रत घेतलेली होती, डिस्कला काही झालेलं नव्हतं, बूटलोडर बसला नाही म्हणून एकही अक्षर पुसलं जाणार नव्हतं, हे सगळं मी तिला दोन तास सांगत होते. ती ऐकतही होती. पण खरा सुस्कारा तिने आकडे मोजल्यावरच सोडला. आणि माझ्याही खांद्यांवरचं काहीतरी तेव्हाच उतरलं.

उरलेलं काम तीन ओळींचं. कर्नल कुठे आहे ते सांगायचं, आणि त्याच ओळीत मूळ पार्टिशन कुठलं तेही. सुरुवातीचा रॅम-डिस्क, म्हणजे कर्नलला सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा, कुठे आहे ते. आणि मग 'बूट'. एनव्हीएमई डिस्कचं नाव लिनक्समध्ये लांब असतं, एनव्हीएमई शून्य, एन एक, पी दोन: पहिला कंट्रोलर, त्याची पहिली नेमस्पेस, तिचं दुसरं पार्टिशन. एक अक्षर चुकलं तर कर्नल सुरू होतो आणि पुढे घर सापडत नाही म्हणून थांबतो. मी आईला अक्षरं मोठ्याने वाचायला सांगितली आणि टाइप करत गेले. शेवटचा 'बूट' हा शब्द तिने स्वतः टाइप केला, एका बोटाने.

पडद्यावर ओळी धावल्या. मी मनात आकडे मोजत होते, अकरापर्यंत आले आणि तिच्या नावाचं लॉगिन आलं. चार मिनिटांची तिला इतकी सवय झाली होती, की ती तोवर उठून उभी राहिली होती.

मेनूची फाइल चालू सिस्टीममधून एका कमांडने तयार झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी फाइली नव्या डिस्कवर आणल्या, आणि या वेळी प्रत्येक फाइल उघडून पाहिली. बाहेरच्या ड्राइव्हवरचीही प्रत उघडून पाहिली, तीही ठीक होती. जुनी डिस्क काढून तिच्यावर तारखेची चिठ्ठी लावली.

आईने आणखी एक चिठ्ठी मागितली, लॅपटॉपच्या पिशवीत ठेवायला. "पुन्हा असं झालं आणि तू नसलीस तर." मी लिहून दिली. बूट मेनूमध्ये पेन ड्राइव्ह दोनदा दिसेल, 'यूईएफआय' लिहिलेला निवडायचा. ग्रब पुन्हा बसवताना रिमूव्हेबल हा पर्याय द्यायचा, कारण हे फर्मवेअर नोंद टिकू देत नाही. काळ्या पडद्यावर नुसतं ग्रब आलं, तर घाबरायचं नाही, आणि पुढे त्या तीन ओळी, जशाच्या तशा.

तिने ती वाचली, पेन घेतलं आणि खाली तिच्या अक्षरात भर घातली: फाइली एकूण २७. आधी मोजून घेणे.